बापूंचं मीठ, बापूंचा रक्तदाब

आमचं गाव आगरवाडा, पेडणे तालुक्यात. आगर म्हणजे मिठागर, तेव्हा आमच्या गावाच्या नावातच मीठ आहे. आजोबा उन्हाळाभर मिठागरात राबायचे, आजी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. त्यामुळे आमच्या घरात मीठ पुडीनं कधी आलं नाही, गोणीनं आलं. जाडं, करडं, ओलसर मीठ. सकाळी पेजेबरोबर खारातली कैरी, पावसाळ्यात सुकी मासळी, जेवताना पापड आणि लोणचं. या घरात कुणी मीठ कमी करा म्हणालं, तर आजीला ते देवघरातला दिवा विझवा म्हटल्यासारखं वाटतं.

गेल्या श्रावणात नेमकं तेच सांगायची वेळ आली. बाबांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात आठवडाभरात पुन्हा चालायला लागला, पण रक्तदाब निघाला १७० वर १००. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मीठ निम्म्यावर आणा म्हणून बजावलं. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी, तेव्हा घरातला मिठाचा फौजदार आपोआप मीच झालो. बाबांची भाजी वेगळी, बाबांची आमटी वेगळी, बाबांच्या ताटात पापड नाही.

पंधरा दिवसांनी एका रात्री बाबांनी माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. तीन पापड होते, कडेला कैरीची फोड होती. त्यांनी विचारलं, तुला कुणी सांगितलं तर तू सोडशील काय? मी म्हटलं, मला काय झालंय? कॉलेजच्या आरोग्य शिबिरात माझा दाब ११८ वर ७६ भरला होता. मी धडधाकट, मी कशाला सोडू? बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी बरणी पुढे ओढली आणि दोन फोडी वाढून घेतल्या.

यंदा साहित्य मंडळाच्या अंकासाठी चरित्रलेख लिहायचं माझ्याकडे आलं, तेव्हा खरं म्हणजे मी दुसऱ्याच कुणावर लिहिणार होतो. ग्रंथालयात सहज गांधीजींची आत्मकथा चाळत बसलो आणि एका प्रकरणात बाबांचाच प्रश्न समोर आला. विचारणारी होती कस्तुरबा. मग हा लेख गांधीजींचाच झाला. त्यांचं सगळं चरित्र इथे येणार नाही. पोरबंदर, बॅरिस्टरी, चंपारण, भारत छोडो हे आपण शाळेपासून वाचत आलोय. मी त्यांच्या आयुष्यातून फक्त मिठाचा धागा उचलतोय.

हा धागा लंडनला सुरू होतो. १८८८ साली अठरा-एकोणीस वर्षांचा मोहनदास तिथे गेला, तेव्हा घरून आलेल्या मसाल्यांशिवाय त्याला जेवण जात नव्हतं. तिथल्या शाकाहारी मंडळींत वावरताना ती ओढ सुटली. नुसता उकडलेला पालकही गोड लागायला लागला आणि चवीचं ठाणं जिभेवर नसून मनात असतं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढे १९०८ साली दक्षिण आफ्रिकेत पहिला तुरुंगवास घडला. तिथल्या बेचव जेवणात मसाला घालावा आणि मीठ शिजतानाच पडावं, असं त्यांनी तुरुंगाच्या डॉक्टरांना सुचवलं. इथे जिभेचे लाड पुरवायला आणलेलं नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. दुसरा कुणी चिडला असता. यांनी तो नियम सुटल्यानंतरही स्वतःला लावून घेतला.

आता कस्तुरबांचा प्रसंग. १९०९ च्या सुमारास त्या रक्तस्रावानं फार आजारी होत्या. डर्बनला शस्त्रक्रिया झाली, तीही क्लोरोफॉर्म न देता, कारण अंगात ताकदच नव्हती. पुढे डॉक्टर गोमांसाचा रस द्यायला निघाले, तेव्हा मेले तरी चालेल पण तो घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्या अवस्थेत त्यांना फिनिक्सच्या आश्रमात हलवलं. थोडं बरं वाटलं, पण स्राव पुन्हा सुरू झाला. पाण्याचे उपचार चालेनात. गांधीजींनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की माणसाला वरून मीठ घ्यायची गरजच नाही आणि अशक्त माणसानं डाळी टाळाव्यात. त्यांनी बांना विनवलं, मीठ आणि डाळ सोड. पुस्तकांचे दाखले दिले. शेवटी बा वैतागल्या आणि म्हणाल्या की तुम्हाला कुणी हे सोडायला सांगितलं तर तुम्हीसुद्धा सोडणार नाही.

इथे मी पुस्तक मिटलं होतं. आमच्या स्वयंपाकघरातला प्रसंग आठवून कानशिलं तापली. मी बाबांना उत्तर दिलं होतं की मी धडधाकट आहे. गांधीजींनी तिथल्या तिथे सांगितलं की मी आजपासून वर्षभर मीठ आणि डाळ दोन्ही सोडलं, तू सोड अथवा नको सोडूस. बा हादरल्या. माझी चूक झाली, मी सोडते, पण तुम्ही एवढी शिक्षा करून घेऊ नका, म्हणून रडल्या. त्यांनी ऐकलं नाही. आपल्या आजच्या नजरेनं पाहिलं तर हा बायकोवर केलेला एक प्रकारचा दबावच होता, आणि मला तो पूर्णपणे पटत नाही. त्यांनी स्वतः मात्र याला घरातला सत्याग्रह म्हटलं आणि आयुष्यातल्या गोड आठवणींत गणलं. बा झपाट्यानं बऱ्या झाल्या, आणि मीठ-डाळीविना राहायचे प्रयोग गांधीजींनी पुढे सहकाऱ्यांवरही केले.

या प्रसंगापेक्षा त्यानंतरचा कबुलीजबाब मला जास्त मोलाचा वाटला. बा कशामुळे बऱ्या झाल्या हे आपल्याला सांगता येणार नाही, असं त्यांनी सरळ लिहून ठेवलंय. मीठ सोडल्यामुळे असेल, जेवणातल्या इतर बदलांमुळे असेल, ते स्वतः सगळ्या पथ्यावर कडक नजर ठेवत होते म्हणून असेल, की त्या प्रसंगानं मनाला उभारी आली म्हणून असेल. वैद्यकीयदृष्ट्या अशा आहाराबद्दल दोन मतं असू शकतात, हेही त्यांनी मान्य केलंय. बांचा आजार रक्तदाबाचा नव्हता, तरीही मिठाच्या सगळ्या शास्त्राची अडचण या कबुलीत आहे. जो माणूस मीठ कमी करतो तो बहुतेक वेळा आणखीही दहा गोष्टी बदलतो. मग गुण कशाचा?

त्याच सुमारास फ्रान्समध्ये अंबार आणि बोजार या दोन डॉक्टरांनी, १९०४ साली, मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध मांडला होता. पण तो सिद्ध व्हायला पुढचं जवळजवळ शतक गेलं. यात माझ्यासारख्या धडधाकट माणसाचं काय, हा प्रश्न सगळ्यात अवघड होता. मला समजलं ते असं. मिठातलं सोडियम रक्तात गेलं की शरीर त्याच्याबरोबर पाणी धरून ठेवतं. नळ्या त्याच, आत पाणी जास्त, म्हणून दाब चढतो. मग मूत्रपिंडं जादा सोडियम लघवीवाटे बाहेर काढतात आणि दाब उतरतो. ज्याची मूत्रपिंडं हे काम झटपट करतात त्याचा दाब खारट जेवणानं फारसा हलत नाही. ज्याची सावकाश करतात त्याला तेवढंच सोडियम बाहेर ढकलायला कायम थोडा जास्त दाब लागतो. पहिल्या प्रकारची माणसं आणि दुसऱ्या प्रकारची माणसं शेजारीशेजारी बसून तीच कैरी खात असतात आणि चेहऱ्यावरून काही कळत नाही. रक्तदाब नसलेल्या माणसांतही साधारण चारातला एक या दुसऱ्या प्रकारचा निघतो, आणि दाब असलेल्यांत जवळजवळ निम्मे.

आकडे सांगतो. रोजचं मीठ सुमारे साडेचार ग्रॅमनं, म्हणजे चमचाभराला थोडं कमी, घटवून महिनाभर किंवा जास्त ठेवलं, तर दाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी पाचाहून थोडा जास्त उतरतो. निरोगी माणसांचा अडीचसुद्धा नाही. अनेक प्रयोग एकत्र करून काढलेली ही सरासरी आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूष झालो. अडीचसाठी खारातली कैरी सोडायची?

पण २००१ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका प्रयोगानं माझी खुशी उतरवली. तिथे ४१२ माणसांना सगळं जेवण प्रयोगवाल्यांनीच शिजवून दिलं. मीठ जास्त, मध्यम आणि कमी, प्रत्येक पातळीवर महिना महिना ठेवलं आणि बाकी काही बदललं नाही. बापूंना जे वेगळं काढता आलं नव्हतं ते इथे वेगळं काढलं होतं. ज्यांना रक्तदाबाचा आजार नव्हता त्यांचाही दाब मिठाबरोबर उतरत गेला. आणि त्याआधी, १९८८ साली, जगातल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून जास्त माणसांची लघवी तपासून मीठ मोजलं होतं. त्यात चार दूरच्या, रानावनातल्या जमाती होत्या, त्यांतले एक ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी. त्यांच्या खाण्यात वरचं मीठ जवळपास नाही. त्यांच्यात वय वाढलं तरी दाब वाढत नाही. आपण मात्र धरूनच चाललोय की पन्नाशीनंतर दाब वाढायचाच. अर्थात ती माणसं सडपातळ असतात, चालतात, राबतात, म्हणजे बापूंची ती यादी इथे पुन्हा आडवी येतेच.

तेव्हा निरोगी माणसाचा अडीच हा आजचा हिशेब झाला. बाबा वीस वर्षांचे होते तेव्हा त्यांचाही दाब बहुधा माझ्याएवढाच असणार. तेव्हा कुणी मोजलाच नाही.

आता आपण १९३० मध्ये येऊ, कारण इथे कुणालाही शंका येईल. जो माणूस वर्षानुवर्षं मिठाविना जेवायचे प्रयोग करत होता, त्यानंच मिठासाठी देश पेटवला? सत्याग्रहासाठी मीठ निवडलं तेव्हा त्यांचे काही सहकारीही बुचकळ्यात पडले होते. १२ मार्चला ७८ सोबत्यांसह ते साबरमतीहून निघाले. त्यांत विष्णु दिगंबरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, आणि केरळचे टायटस होते, त्या तुकडीतले एकमेव ख्रिस्ती. चोवीस दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालून दांडीला पोचले आणि ६ एप्रिलला सकाळी मीठ उचललं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. हवा-पाण्याखालोखाल माणसाला लागणारी वस्तू मीठ. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून ते घामावाटे जातं, म्हणून गरिबाला ते श्रीमंतापेक्षा जास्त लागतं, आणि कर मात्र दोघांना सारखा. माझ्या आजीला हे समजवावं लागत नाही. मिठागरात एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर पाट्या वाहिल्यावर अंगावर पांढरी पूड उमटायची, असं ती सांगते. तिची पेज आणि तिची कैरी त्या घामाचा हिशेब चुकता करत होती. आमची पंचाईत अशी की आजोबांनंतर घरात कुणी मिठागरात उतरलं नाही. बाबा म्हापशाला टेबलापाशी बसून काम करतात, मी बसनं कॉलेजात जातो. घाम गेला, कैरी राहिली.

त्या सत्याग्रहाची झळ आमच्या अंगणापर्यंत आली होती. तेरेखोल ओलांडलं की शिरोडा. १९३० च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतले सत्याग्रही तिथे जमले, मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. वि. स. खांडेकर तेव्हा शिरोड्याच्याच शाळेत मास्तर होते. नदीच्या अलीकडे आमच्याकडे पोर्तुगीज. पण इंग्रजांचा मिठावरचा हात इकडेही पडून गेला होता. १८७८ च्या करारानं गोव्यातल्या मिठाचा ताबा त्यांनी बारा वर्षं घेतला होता. या गोष्टी आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीतही नाहीत, म्हणून इथे सांगितल्या.

आता खरी गाठ. एवढं जपून खाणाऱ्या, सडपातळ, रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या, तंबाखू-दारूला न शिवणाऱ्या या माणसाला रक्तदाब होता. साधासुधा नव्हे. १९३५-३६ च्या हिवाळ्यात वर्ध्याला अतिश्रमानं प्रकृती ढासळली आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती दिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त २०१९ साली आरोग्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत २६ ऑक्टोबर १९३७ चा आकडा आहे १९४ वर १३०. १९ फेब्रुवारी १९४० चा, २२० वर ११०. वजन ४६.७ किलो. आज असा आकडा दिसला तर डॉक्टर खुर्चीवरून उठू देणार नाहीत.

तेव्हा दाबावर धड औषध नव्हतं. सर्पगंधेच्या मुळीचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी जगापुढे मांडला तो १९४९ साली, म्हणजे बापू गेल्यानंतर. सेवाग्रामला त्यांचे उपाय म्हणजे मौन, झोप, चालणं, मालिश, लसूण आणि डोक्यावर-पोटावर ओल्या मातीच्या पट्ट्या. डॉ. सुशीला नय्यर दाब मोजून टिपून ठेवत. वाद वाढला, काम वाढलं की आकडा चढायचा, विश्रांतीनं उतरायचा. १९३७ च्या अखेरीस म्हणूनच त्यांना जुहूच्या समुद्रकाठी नेऊन ठेवलं होतं.

हा भाग मी घरी वाचून दाखवला आणि पस्तावलो. बाबांचा चेहरा खुलला. बघ, गांधींनी मीठ टाकलं आणि दाब गेला दोनशे वीसवर, मग मला कशाला उपाशी मारता? दोन दिवस माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जे सुचलं ते सांगतो. दाब चढायला मीठ हे एकच दार नाही. वय आहे, वाडवडलांकडून आलेला पिंड आहे, मूत्रपिंडं आहेत, डोक्यावरचा भार आहे. बापू सत्तरीचे होते आणि डोक्यावर अख्खा देश होता. एक दार लावून घेतलं म्हणून बाकीची बंद होत नाहीत. आणि त्यांनी आयुष्यभर खारातली कैरी खाल्ली असती तर आकडा किती झाला असता, हे कुणालाच सांगता येणार नाही. एका माणसाच्या आयुष्यावरून ते ठरतच नाही, म्हणून तर चारशे माणसांना महिनोन्‌महिने मोजून जेवायला घालावं लागलं. बाबांना हे पटलं की नाही, कोण जाणे. ते हं म्हणाले.

शेवटी शेवटी बापूंचंही मिठाबद्दलचं मत पुष्कळ निवळलं होतं. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. मीठ मसाल्यांचा राजा आहे आणि शरीराला ते लागतं, हे त्यात मोकळेपणानं मान्य केलंय. धान्य-भाज्यांत क्षार असतातच, पण आपण भात आणि भाज्या उकडून वरचं पाणी फेकतो, मग ते कमी पडतात आणि वरून थोडं मीठ घ्यावं लागतं, असा त्यांचा हिशेब. हे आजीला भारी आवडलं. आमच्याकडे भात वेळतात, पण पेज कुणी फेकत नाही. त्याच पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. पस्तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या एका प्रश्नानं त्यांनी मीठ सोडलं होतं, त्या.

शेवटचा उपास १३ जानेवारी १९४८ चा, दिल्लीतला. वय ७८. त्या उपासात काय चालेल हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं: पाणी, त्यात क्षार घालून किंवा न घालता, आणि लिंबाचा रस. १८ तारखेला उपास सुटला. पुढे बारा दिवसांनी ते गेले. दाबानं नव्हे.

मी दिवाळीच्या पाडव्याला जेवताना बाबांना सांगितलं की वर्षभर मी पापड, लोणचं आणि कैरी सोडली, तुम्ही काहीही करा. बाबा कस्तुरबांसारखे रडले वगैरे नाहीत. हसले, आणि महिनाभर टिकतोस का बघू म्हणाले. पहिले दहा दिवस सगळं जेवण मातीसारखं लागलं. तिसऱ्या आठवड्यात दुधी भोपळ्याला स्वतःची चव असते हे कळलं. दुसऱ्या महिन्यात आईनं बाबांची भाजी वेगळी शिजवणं बंद केलं, कारण तीच आता सगळ्यांना चालत होती. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. आई आता चौघांचे चार चमचे सकाळी वाटीत काढून ठेवते आणि संध्याकाळी वाटीत काही उरतं का पाहते. कधी उरतं, मासे असले की नाही उरत.

बाबांचा दाब गेल्या महिन्यात १३६ वर ८४ होता. गोळ्या चालू आहेत, सकाळी मुख्य रस्त्यापर्यंत चालायलाही लागलेत, तेव्हा त्यात मिठाचा वाटा किती ते मला सांगता येत नाही. माझा ११८ चा ११६ झालाय, तो यंत्राचा फरकही असू शकेल. आजी कुणाचंच ऐकत नाही. ती रोज सकाळी पेजेबरोबर एक फोड घेते, बरणीला फडकं घट्ट बांधते, आणि बरणी आपल्या खाटेखाली ठेवते.